बाकावरच्या मुलाची जागा

जपानमधल्या कोबे शहरानं २०२४ च्या डिसेंबरमध्ये जाहीर केलं की तिथल्या सरकारी माध्यमिक शाळांमधले (म्हणजे सातवी ते नववीचे; हायस्कूल त्यानंतरचं) क्लब २०२६ च्या ऑगस्टअखेरपर्यंतच चालवायचे. त्यानंतर शाळा सुटल्यावर खेळायचं, वाजवायचं, रंगवायचं ते शहरात नोंदणी केलेल्या मंडळांमध्ये. मंडळ पालकांचं असेल, माजी खेळाडूंचं असेल, एखाद्या संस्थेचं असेल, शाळेचं नसेल. कोबेनं एकदम टोक गाठलं इतकंच, बाकी देशाची दिशा तीच आहे. तिथल्या शासनानं २०२३ ते २०२५ ही तीन वर्षं सरकारी माध्यमिक शाळांमधले शनिवार-रविवारचे क्लब शाळेबाहेर नेण्यासाठी राखून ठेवली होती. पुढचा टप्पा २०२६ पासूनचा.

शाळेच्या क्लबांवरची ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका, बघत वाढलेल्या प्रेक्षकाच्या छातीत यानं धस्स होतं. संध्याकाळचं ऊन, जिमच्या लाकडी जमिनीवर बुटांची चिरचिर, सरावानंतर दुकानाच्या पायरीवर बसून खाल्लेले गरम मांसाचे बन, हे सगळं संपणार? मराठी चाहत्यांच्या गप्पांतही हा सूर ऐकू येतो, आणि त्याला जोडूनच दुसरा: आपल्या पोरांमध्ये ती जिद्द कुठे आहे? हे दोन्ही सूर चुकलेले आहेत असं माझं म्हणणं आहे. या मालिका नीट पाहिल्या तर त्यांत जिद्दीपेक्षा व्यवस्था जास्त दिसते. ती व्यवस्था कुठे सडली होती हेही दिसतं, आणि तिच्यातलं काय वाचवायला हवं तेही.

उदाहरण म्हणून ‘हायक्यू’ घेऊ. हारुइची फुरुदाते यांची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २०१२ ते २०२० अशी आठ वर्षं चालली, तिचे ४५ खंड झाले, आणि २०१४ पासून तिची ॲनिमे येत गेली. मियागी प्रांतातल्या कारासुनो नावाच्या काल्पनिक हायस्कूलचा मुलांचा व्हॉलीबॉल संघ हा तिचा विषय.

तिची सुरुवात बहुतेकांच्या लक्षात राहते ती तिचा बुटका नायक हिनाता याच्या उडीमुळे. पण त्या उडीच्या आधीची गोष्ट खरी महत्त्वाची. हिनाताच्या माध्यमिक शाळेत मुलांचा व्हॉलीबॉल संघच नाही. तो मुलींच्या संघाबरोबर, शेजारपाजारच्या बायकांच्या संघाबरोबर जमेल तसा सराव करतो. तिसऱ्या म्हणजे शेवटच्या वर्षी पहिल्या वर्षाची तीन मुलं येतात, फुटबॉल आणि बास्केटबॉलमधले दोन मित्र उसने घेतो, आणि सहा जणांचा संघ एकदाचा स्पर्धेत उतरतो. पहिल्याच सामन्यात, पुढे कारासुनोत त्याचा जोडीदार होणाऱ्या कागेयामाच्या बलाढ्य शाळेकडून धुव्वा. तीन वर्षांची माध्यमिक शाळा, आणि अधिकृत सामना एक.

आता हे काल्पनिक राहिलेलं नाही. जपानमध्ये २०१६ साली जन्मांची संख्या पहिल्यांदा दहा लाखांच्या खाली गेली; २०२४ मध्ये ती सात लाखांच्याही खाली आली. गावातल्या शाळेत एका इयत्तेला वीस मुलं उरली तर बेसबॉलचे नऊ, फुटबॉलचे अकरा आणि व्हॉलीबॉलचे सहा आणायचे कुठून? दोन-तीन शाळांनी मिळून संयुक्त संघ उतरवायचा हा तोडगा बरीच वर्षं चालू आहे, पण त्यात सरावाला मुलांना कोणी आणि कशानं न्यायचं हे दुखणं उरतंच. माध्यमिक शाळांच्या क्रीडा महासंघानं तर राष्ट्रीय स्पर्धेतून २०२७ पासून पोहणं, हँडबॉल, जिम्नॅस्टिक्स असे खेळ वगळायचं ठरवलं आहे. क्लब बाहेर नेण्यामागे हे पहिलं कारण आहे. ज्याच्यासाठी हळहळायचं ती संध्याकाळ पुष्कळ हिनातांना मुळात मिळतच नव्हती.

दुसरं कारण ताकेदा सर. कारासुनोचे हे शिक्षक जपानी साहित्य शिकवतात, व्हॉलीबॉलचा त्यांना गंध नाही. तरी ते क्लबचे ‘कोमोन’, म्हणजे जबाबदार शिक्षक. नियम पुस्तकातून शिकतात, नेकोमासारख्या नामांकित संघाशी सराव सामना मिळावा म्हणून हातापाया पडतात, प्रशिक्षक व्हायला नकार देणाऱ्या उकाईच्या दुकानात पुन्हा पुन्हा खेटे घालतात, उन्हाळी शिबिराला मुलांना टोकियोला नेतात. प्रेक्षकाला ते फार आवडतात, आवडावेतच. पण त्यांचे तास कोणी मोजले आहेत?

खऱ्या जपानमध्ये ते मोजले गेले. ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेच्या २०१८ च्या शिक्षक सर्वेक्षणात जपानी माध्यमिक शिक्षकाचा आठवडा ५६ तासांचा निघाला, सहभागी देशांत सर्वांत मोठा. त्यातले ७.५ तास क्लबसारख्या अभ्यासेतर कामात जात. सर्व देशांची सरासरी होती १.९ तास. आणि पैसे? सरकारी शाळेतल्या शिक्षकाला जादा कामाचा मोबदला तासागणिक मिळत नाही. १९७१ च्या कायद्यानं त्याऐवजी पगाराच्या चार टक्के सरसकट ठरवून दिले. पन्नास वर्षांहून जास्त काळ ते चारच राहिले. २०२५ च्या दुरुस्तीनं आता ते टप्प्याटप्प्यानं दहावर जायचे आहेत. सुट्टीच्या दिवशी तीन तास क्लब घेतला तर शासकीय दरानं भत्ता २,७०० येन. ताकेदा सर हसतमुखानं करतात ते काम खऱ्या शाळांमध्ये नवख्या शिक्षकाच्या गळ्यात पडतं. ज्या खेळाची बॅट कधी हातात धरली नाही त्या खेळाचा तो कोमोन होतो आणि रविवारी सकाळी सात वाजता बसमध्ये बसतो.

मालिकेकडे पुन्हा वळलं की एक गमतीची गोष्ट सापडते. कारासुनोला घडवणारी अर्धी माणसं शाळेची नाहीतच. उकाई हा माजी विद्यार्थी, किराणा-खाऊचं घरचं दुकान सांभाळतो. संघातला रुसलेला स्मॅशर आसाही आणि चिडलेला लिबेरो, म्हणजे फक्त बचाव करणारा खेळाडू, निशिनोया यांना एकाच कोर्टवर आणतो तो वस्तीतल्या मोठ्या माणसांचा संघ. राखीव खेळाडूंच्या बाकावर बसलेल्या यामागुचीला सर्व्हिस शिकवतो तो शिमादा, आणि तो सुपरमार्केट चालवतो. म्हणजे धोरणाच्या कागदावर ज्याला क्लब समाजाच्या हाती देणं म्हणतात, ते कारासुनोत आधीच घडलेलं आहे. शासनानंही २०१७ पासून क्लब मार्गदर्शक नावाचं पद रीतसर केलं. बाहेरच्या माणसाला सराव घेता येतो आणि स्पर्धेला संघ घेऊन जाताही येतं. उकाई त्या पदाच्या आधीचा, हौशी.

मग हरकत कशाला? माझी हरकत एकाच जागी आहे, आणि ती जागा बाकाची.

यामागुची हा संघातला सर्वांत साधा खेळाडू. त्याच्या बरोबरच्या पहिल्या वर्षाच्या चौघांपैकी तिघं पहिल्या सहांत जातात, हा एकटा बाहेर. तो ठरवतो की एक गोष्ट तरी आपली असावी, आणि शिमादाकडे जंप फ्लोट सर्व्हिस शिकायला जातो. ही सर्व्हिस जोराची नाही. चेंडू न फिरवता हलका वर टाकायचा, उडी घेऊन तळव्याच्या टणक भागानं अगदी मधोमध मारायचा, मनगट ताठ ठेवायचं आणि मारल्याबरोबर हात थांबवायचा. चेंडूला फिरकी नसली की हवा त्याला कधी डावीकडे, कधी खाली ढकलते, आणि घेणाऱ्याचा अंदाज चुकतो. बिघडतं ते दोन ठिकाणी. चेंडू जरा पुढे टाकला गेला की हात खाली उतरतो आणि चेंडू जाळ्यात. मनगट वाकलं की चेंडू फिरतो, सरळ जातो, आणि समोरच्याला आयताच मिळतो. सरावात नऊदा जमलेली ही सर्व्हिस दहाव्यांदा, शेकडो लोकांसमोर, हात गार पडलेले असताना जमवायची असते.

यामागुचीला पहिली संधी मिळते आओबा जोसाई या शाळेविरुद्ध, सामना काठावर असताना. चेंडू जाळ्यात जातो. पुढच्या स्पर्धेत पुन्हा पाठवतात, तेव्हा तो घाबरून साधी, सुरक्षित सर्व्हिस करतो. गुण जातो की राहतो हा प्रश्न नाही. ज्या एका कामासाठी त्याला पाठवलं तेच त्यानं केलं नाही, आणि हे त्याला, उकाईला, बाकावरच्या सगळ्यांना कळतं. तिसऱ्या वेळी आओबा जोसाईशीच गाठ पडते आणि सर्व्हिस लागते. या तीन प्रसंगांमध्ये मालिकेचे कितीतरी भाग जातात. मैत्री आणि घडण या शब्दांचा अर्थ मला इथे दिसतो. त्सुकिशिमा त्याचा मित्र आहे म्हणून तो घडत नाही. दोनदा चुकलेल्या मुलाला तिसऱ्यांदा पाठवायची सोय त्या रचनेत आहे, म्हणून घडतो.

ही सोय आपोआप होत नाही. शाळेच्या क्लबात येणाऱ्याला सहसा चाचणी द्यावी लागत नाही. नाव दिलं, बूट आणले, झाला सभासद. एकाच गावातली मुलं, चालत येण्याच्या अंतरावर जिम, जाळं आणि चेंडू शाळेचे. खर्च असतोच, पण घरच्यांना सहसा महिन्याची मोठी फी मोजावी लागत नाही. बाहेरच्या मंडळाला हे गणित जुळवावं लागतं: प्रशिक्षकाचं मानधन, जिमचं भाडं, मुलांना आणायची-न्यायची व्यवस्था. शाळेच्या क्लबात अपघात झाला तर शाळेच्या विमा-सहाय्य योजनेतून मदत मिळते, मंडळाच्या सरावात पाय मोडला तर ती लागू होत नाही, वेगळा विमा उतरवावा लागतो. या सगळ्याची गोळाबेरीज पालकाच्या खिशातून व्हायला लागली की मंडळाला निकाल दाखवावे लागतात. निकाल दाखवायचे तर चांगली मुलं निवडावी लागतात. निवड आली की यामागुची पहिल्याच दारात अडकतो. यात कोणाचा दुष्टपणा नाही, हिशोबच तसा आहे.

अर्थात शाळेचा बाक म्हणजे काही आईची मांडी नव्हे. मालिकेनं हेही लपवलेलं नाही, आणि म्हणून ती मला इतर खेळ-ॲनिमेंपेक्षा प्रामाणिक वाटते. त्सुकिशिमाचा थोरला भाऊ आकितेरु हा कारासुनोच्या भरभराटीच्या काळातला विद्यार्थी. त्याला कधी संघात जागा मिळालीच नाही. धाकट्या भावाला मात्र सांगत राहिला की मी संघाचा आधारस्तंभ आहे. एक दिवस धाकटा सामना पाहायला गेला आणि त्याला भाऊ दिसला तो प्रेक्षकांच्या कठड्यावर, घोषणा देताना. क्लब जिंकायला लागला की बाकही पुरत नाहीत, मुलं गॅलरीत जातात, आणि लाजेनं खोटं बोलू लागतात. पुढे हाच आकितेरु मोठ्या माणसांच्या एका स्थानिक संघात मजेत खेळताना दिसतो, आणि धाकट्याला तिथे सरावाला नेतो. शाळेनं मोडलेलं वस्तीनं जोडलं. क्लब शाळेबाहेर नेण्याच्या बाजूनं यापेक्षा बळकट दाखला मला सापडत नाही, आणि तो विरोधकांच्या लाडक्या मालिकेतच आहे.

तेव्हा भिंतीच्या आत की बाहेर, हा वाद मला दुय्यम वाटतो. मंडळ शाळेबाहेर असो. पण सार्वजनिक पैसा द्यायचा तर अटी लावूनच द्यावा. नाव देणाऱ्या प्रत्येकाला प्रवेश, गरीब घरांना फी माफ, शाळेचं जिम फुकट, आणि स्पर्धेच्या संघात नसलेल्यांनाही ठरावीक अंतरानं खरे सामने. शेवटची अट मला सर्वांत मोलाची वाटते. सराव कितीही केला तरी हात गार पडतो तो सामन्यातच.

आता जिद्दीबद्दल. खेळ-ॲनिमेचा मूळ प्रवाह जिद्दीचाच होता, यात शंका नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जपानच्या महिलांनी सोव्हिएत संघाला हरवून व्हॉलीबॉलचं सुवर्ण मिळवलं. त्या बहुतेक एकाच गिरणीच्या संघातल्या. दिवसा कचेरीचं काम आणि मग मध्यरात्रीपर्यंत सराव. त्यांचे प्रशिक्षक दाइमात्सु यांनी जमिनीवर लोळण घेत चेंडू उचलून त्याच झोक्यात उभं राहायची पद्धत पक्की करून घेतली होती. त्या यशाच्या सावलीत साठच्या दशकात घाम-अश्रू-शिक्षेच्या खेळकथांची लाट आली. बेसबॉलवरच्या ‘क्योजिन नो होशी’ मध्ये बाप लहान मुलाच्या अंगावर स्प्रिंगांचा सापळा चढवतो, बाहू बळकट व्हावेत म्हणून.

याचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. २०१२ च्या डिसेंबरमध्ये हीच गोष्ट क्रिकेटमध्ये बसवून, मुंबईतल्या गरीब वस्तीतल्या मुलाची म्हणून, ‘सूरज: द रायझिंग स्टार’ या नावानं हिंदी वाहिनीवर आली. जपानी आणि भारतीय निर्मात्यांनी मिळून केलेल्या या मालिकेत तो स्प्रिंगांचा सापळा गेला आणि सायकलच्या ट्यूब आल्या. मुलाचा छळ वाटू नये म्हणून. सांगायची गोष्ट ही की जुनी जिद्द जशीच्या तशी दाखवणं बनवणाऱ्यांनाही जमेनासं झालं होतं.

त्याच महिन्यात ओसाकामधल्या एका सरकारी हायस्कूलच्या बास्केटबॉल संघाच्या कप्तानानं आत्महत्या केली. प्रशिक्षक त्याला मारत होता. जपानमध्ये शाळेत शारीरिक शिक्षेला १९४७ च्या कायद्यानंच बंदी आहे. क्लबांच्या जिममध्ये ती बंदी पोचायला पासष्ट वर्षं पुरली नव्हती. प्रशिक्षकावर खटला होऊन तो दोषी ठरला. २०१८ मध्ये क्रीडा विभागानं मार्गदर्शक सूचना काढल्या: आठवड्यात किमान दोन दिवस सुट्टी, त्यातली एक शनिवार-रविवारपैकी, शाळेच्या दिवशी जास्तीत जास्त दोन तास, सुट्टीच्या दिवशी तीन. हिशोब केला तर आठवड्याला अकरा तास. पुढे २०२२ मध्ये ज्यूदो महासंघानं प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धाच बंद केली, कारण मोठी माणसं जिंकण्याच्या नादात मुलांना पिळत होती.

अकरा तासांत कारासुनो घडलं असतं का, हा चाहत्यांचा नेहमीचा आक्षेप. घडलं नसतं. हिनाता आणि कागेयामा पहाटे पाच वाजता जिम उघडून सराव करतात, अधिकृत सकाळच्या सरावाच्याही आधी. टोकियोच्या शिबिरात हरलेल्या प्रत्येक सेटमागे शिक्षा ठरलेली. कोर्टभर सूर मारत फेरी, नाहीतर चढावर धाव. आणि रात्री पुन्हा तिसऱ्या जिममध्ये ब्लॉकचा, म्हणजे जाळ्यापाशी चेंडू अडवण्याचा, स्वेच्छेचा सराव. ही स्वेच्छा फसवी असते. वरच्या वर्गातले थांबलेले असताना खालच्या वर्गातला कोण घरी जाईल? सूचनांमध्ये क्लबचे तास मोजले जातात, या स्वेच्छेचे तास मोजणं अवघड जातं. वाढत्या वयात रोज शंभर उड्या मारणाऱ्या गुडघ्याला मात्र अधिकृत आणि स्वेच्छेचा असा फरक कळत नाही. गुडघ्याच्या वाटीखालची दुखरी गाठ व्हॉलीबॉल आणि बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या नेहमीच्या ओळखीची आहे, आणि तिच्यावरचा पहिला इलाज म्हणजे उड्या कमी करणं.

कारासुनोही शेवटी राष्ट्रीय विजेतं होत नाही. ज्यांनी मांगा वाचलेली नाही त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. उपांत्यपूर्व सामन्यात, ऐन भरात असताना हिनाताला ताप चढतो. जुन्या पद्धतीच्या कथेत तो तापातच खेळला असता, कोसळला असता, आणि प्रेक्षक रडले असते. इथे खेळाचा गंध नसलेले ताकेदा सर त्याला बाहेर काढतात. तो रडतो, विनवण्या करतो. ते ऐकत नाहीत. पुढच्या संधीसाठी शरीर सांभाळणं हाही खेळाचाच भाग आहे, असं त्यांचं सांगणं. संघ हरतो. त्या प्रसंगी कोर्टवर एक मोठं माणूस होतं, ज्याचा पगार निकालावर अवलंबून नव्हता. क्लब मंडळांकडे जाताना मला भीती आहे ती या माणसाची जागा रिकामी राहण्याची. उकाई बाहेरून मिळेल, भाड्यानंही मिळेल. ताकेदा कुठून आणणार?

तिसऱ्या वर्षातल्यांचंही असंच. शेवटच्या वर्षाची मुलं उन्हाळी स्पर्धेनंतर क्लब सोडून प्रवेश परीक्षेला लागतात, ही रीत. हायस्कूल व्हॉलीबॉलची वसंत स्पर्धा पूर्वी मार्चमध्ये व्हायची, म्हणजे ती त्यांच्याशिवायच व्हायची. २०११ पासून ती जानेवारीत आली आणि त्यांना खेळायची मुभा झाली. मांगा सुरू झाली २०१२ मध्ये. पहिल्या वर्षाच्या कागेयामापुढे सेटरची, म्हणजे आपल्याकडच्या लिफ्टरची जागा गमावलेला तिसऱ्या वर्षातला सुगावारा उन्हाळ्यात न जाता थांबतो आणि बदली म्हणून येऊन सामन्यांची दिशा बदलतो, ती गोष्ट वेळापत्रकातल्या त्या बदलाशिवाय लिहिताच आली नसती. मुलांचं घडणं स्पर्धेची तारीख ठरवणाऱ्या टेबलावर असं ठरतं.

‘आपल्या पोरांत जिद्द नाही’ म्हणणाऱ्यांनी यासाठीच २०१६ च्या जानेवारीतला कल्याणचा सामना आठवावा. भंडारी करंडकाच्या त्या शालेय सामन्यात एका मुलानं नाबाद १००९ धावा केल्या, त्याच्या शाळेनं ३ बाद १४६५. जगभर बातमी झाली, आणि त्या मुलाचं कौतुक योग्यच होतं. समोरचा संघ ३१ आणि ५२ धावांत बाद झाला. एक डाव आणि १३८२ धावांनी हार. त्यांची मोठी मुलं परीक्षेमुळे आली नव्हती, लहानग्यांना उतरवावं लागलं, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. जिद्दीची कमतरता नेमकी कुणात होती? चौदाशे धावा होईपर्यंत उन्हात चेंडू आणून देत राहिलेल्या त्या पोरांत? परीक्षेचं वेळापत्रक, स्पर्धेचं वेळापत्रक, सामना कुठे थांबवावा याचा नियम आणि तो थांबवायचा अधिकार असलेलं मोठं माणूस, यांतलं काहीच त्यांच्या हातात नव्हतं.

‘हायक्यू’च्या पहिल्याच पर्वात एक अख्खा भाग पहिल्या फेरीत हरणाऱ्यांना दिला आहे. तोकोनामी नावाच्या संघात कारासुनोच्या कप्तानाचा माध्यमिक शाळेतला जुना मित्र आहे. त्यांचा क्लब साधा, आठवड्याचा सराव बेताचा, जिंकण्याची आशा जवळजवळ नाही. शेजारच्या कोर्टवर मुलींचा कारासुनो संघही हरतो आहे. कॅमेरा विजेत्यांबरोबर पुढे जात नाही. तो त्यांच्या चेहऱ्यांवर थांबतो, जाळ्यावर आदळलेल्या चेंडूवर थांबतो, मग त्यांनी उचललेल्या बॅगांवर. जुना मित्र कप्तानाला सांगतो, जिंकत राहा. आणि संघ बसकडे निघतो.